शेतीविषयक पृच्छा कशी करावी

या मासिकाकडे दरमहा शेतकरी बंधूंचीं जीं पत्रें येतात, तीं उघडून व वाचून त्या त्या विषयांतील जाणत्या गृहस्थांकडे रवाना करण्याचें काम संपादकांनीं गेलीं कांहीं वर्षें आमच्याकडे सोंपविलें आहे. आम्ही शेतीशास्त्राचे पदवीधर नव्हों. महसूल खात्यांत उभी हयात कारकुनी करून निवृत्त झालों व आतां वडिलार्जित जमीन पाहतों. तेव्हां कोणत्या रोगावर कोणतें औषध, हें सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु कोणत्या कागदावर काम होतें आणि कोणता कागद नुसता या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो, एवढें मात्र आम्हांस पुरतें कळतें. त्या अनुभवाच्या जोरावर चार गोष्टी वाचकांपुढें ठेवीत आहों.

कचेरींत असतांना आमच्याकडे असे अर्ज येत, कीं "माझ्या जमिनीवर अन्याय झाला आहे, तरी मेहेरबान साहेबांनीं न्याय द्यावा." अर्जावर गट नंबर नाहीं, क्षेत्र नाहीं, फेरफाराचा नंबर नाहीं, कित्येकदां गांवाचें नांवही नाहीं, सही मात्र मोठी झोंकदार. अर्जदार खरोखरीच दुःखी असे व त्याचें म्हणणेंही बहुधा खरें असे. तथापि त्या अर्जावर "त्रुटी दूर करून फेरसादर करावा" असा शेरा मारण्यापलीकडे कोणासही कांहीं करतां येत नसे. मग अर्जदार म्हणे, सरकार दाद देत नाहीं.

मासिकाकडे येणाऱ्या पृच्छांची तऱ्हा याहून फारशी निराळी नाहीं. "सोयाबीन पिवळें पडलें आहे. काय फवारूं? ताबडतोब कळवावें." पत्र एवढेंच. अलीकडे तर पत्रही येत नाहीं. मोबाईलवर काढलेलें एका पानाचें छायाचित्र आणि त्याखालीं एक प्रश्नचिन्ह, इतक्यांत सर्व कारभार आटोपतो. छायाचित्र संध्याकाळच्या अंधुक उजेडांत घेतलेलें, पान हातांत धरलेलें, आणि त्यांत पानापेक्षां आंगठाच स्पष्ट दिसत असतो.

आतां हें सोयाबीनचेंच उदाहरण घेऊं, कारण दर पावसाळ्यांत सर्वांत जास्त पृच्छा याच पिकाच्या येतात. सोयाबीनचें पान पिवळें पडण्याचीं कारणें एक नव्हे, अनेक आहेत, आणि त्यांचे उपाय परस्परांशीं जुळत नाहींत. नत्र कमी पडलें तर झाड आपल्या जुन्या पानांतील नत्र काढून नव्या पालवीकडे नेतें. म्हणून खालचीं जुनीं पानें आधीं पिवळीं होतात व शेंडा हिरवा राहतो. लोह कमी पडलें तर याच्या उलट. लोह जुन्या पानांतून हलत नाहीं, त्यामुळें शेंड्याचीं कोवळीं पानें पिवळीं पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, आणि खालचीं पानें चांगलीं दिसतात. चुनखडीच्या जमिनींत झड लागून पाणी सांचलें म्हणजे हें हटकून दिसतें. जमिनींत लोह असतें, पण मुळांस तें घेतां येत नाहीं. तिसरें कारण पिवळा मोझॅक. यांत पानावर पिवळे व हिरवे ठिपके एकमेकांत मिसळलेले असतात, आणि सगळें शेत एकदम न पडतां एक झाड इथें, एक तिथें असें सुरू होतें. हा विषाणूचा रोग असून पांढरी माशी तो पसरविते; रोगट झाडावर औषध नाहीं, तें उपटून नष्ट करावें लागतें व माशीचा बंदोबस्त करावा लागतो. चौथी खोडमाशी. तिची अळी खोडाच्या आंत राहते, वरून नुसता शेंडा मलूल व पिवळा दिसतो; खोड उभें चिरलें तर आंत तांबूस तपकिरी पोकळी आढळते.

म्हणजे "सोयाबीन पिवळें पडलें" या वाक्याचीं चार उत्तरें झालीं. पहिल्यास खत, दुसऱ्यास पाण्याचा निचरा, तिसऱ्यास झाडें उपटणें, चौथ्यास कीटकनाशक. तज्ज्ञानें यांतील कोणतें सांगावें? त्यानें अंदाजानें एक सांगितलें आणि तें चुकलें, तर शेतकऱ्याचे पैसे गेले, आठवडा गेला, आणि शेवटीं "विद्यापीठाचें कांहीं खरें नाहीं" हा बोल राहिला. त्यानें उत्तर न देतां चौकशीचीं आणखी दहा वाक्यें लिहिलीं तर तोंपर्यंत पावसाळ्याचे चार दिवस निघून जातात. दोन्ही बाजूंनीं तोटा शेतकऱ्याचाच.

तेव्हां चांगली पृच्छा कशी दिसते? आमच्या मतें पुढीलप्रमाणें लिहिलेली पृच्छा आदर्श समजण्यास हरकत नाहीं. हा नमुना आम्हीं तयार केला आहे. कोणाचें खासगी पत्र नव्हे.

"तालुका औसा, जिल्हा लातूर. सोयाबीन, वाण जेएस ३३५, क्षेत्र १ एकर २० गुंठे. पेरणी २२ जून. जमीन मध्यम काळी, चुनखडीची. गतवर्षीं माती तपासली तेव्हां सामू ८.२ आला. मागील पीक हरभरा. पेरतेवेळीं एकरीं एक पोतें १०:२६:२६ दिलें. १२ जुलै रोजीं इमॅझेथापायर हें तणनाशक मारलें. त्यानंतर कांहीं फवारलें नाहीं. २० जुलैपासून आठ दिवस झड होती. ३० जुलैपासून शेंड्याकडील कोवळीं पानें पिवळीं होऊं लागलीं, शिरा हिरव्या आहेत, खालचीं पानें हिरवींच आहेत. सखल बाजूच्या अर्ध्या एकरांत जास्त, वरच्या अंगास जवळजवळ नाहीं. दहा झाडें उपटून खोड चिरून पाहिलें, आंत अळी नाहीं. मुळांवर गांठी चांगल्या आहेत. नुसतें पाणी काढून देऊन वाट पाहावी, कीं लोहाची फवारणी करावी? सोबत छायाचित्रें तीन: एक पानाचें, एक सबंध झाडाचें, एक शेताचें."

हें वाचतांच जाणता मनुष्य निम्म्याहून अधिक निदान करून मोकळा होतो. सखल भागांतच रोग, कोवळ्या पानांवरच, झडीनंतरच. तेव्हां खोडमाशी गेली, मोझॅक गेला, नत्र गेलें. तणनाशकाची तारीख दिली हेंही फार बरें केलें. कारण या औषधानेंही पीक कांहीं दिवस पिवळसर दिसूं शकतें, परंतु मग तें वरच्या अंगासही दिसावयास हवें होतें. तज्ज्ञ लिहील, प्रथम चर काढून पाणी बाहेर घालवा, वापसा येतांच कोळपणी करा, नवीं पानें हिरवीं निघालीं तर फवारणीचा खर्च करूं नका; न निघालीं तरच लोहाची फवारणी घ्या. एवढा सल्ला एका पोस्टकार्डावर मावतो. शेतकऱ्याचा लिहिण्यांत अर्धा तास गेला असेल, पण औषधाचे पैसे वांचले.

या नमुन्यांत एक गोष्ट वाचकांच्या ध्यानांत यावी अशी आहे. पृच्छकानें "माझ्या शेतांत लोहाची उणीव आहे" असें कोठेंही म्हटलें नाहीं. त्याच्या मनांत ती शंका आहे हें शेवटच्या प्रश्नावरून दिसतें. परंतु आधीं त्यानें डोळ्यांस दिसलें तें लिहिलें आणि शंका मागाहून घातली. बहुतेक पत्रांत हें उलटें असतें. "बुरशी आली आहे, भारी बुरशीनाशक कळवा." बुरशी आहे हें कोणीं ठरविलें? शेजाऱ्यानें, किंवा दुकानदारानें. तज्ज्ञ भिडस्त असला तर तो बुरशीनाशकाचें नांव लिहून देतो आणि प्रकरण तेथेंच संपतें. डाळिंबाच्या बागेंत झाड वाळूं लागलें कीं सर्व लोक "मर रोग" म्हणतात. त्यांत बुरशीची मर असते, खोडास बारीक भोंकें पाडणारा भुंगेरा असतो, आणि मुळांवर गांठी करणारे सूत्रकृमीही असतात. वरून वाळलेल्या झाडाचें छायाचित्र तिन्हींचें सारखेंच येतें. खोड आडवें कापून आंतील लांकडावर काळपट तपकिरी डाग आहे काय, सालीवर भोंकें आहेत काय, बारीक मुळ्यांवर गांठी आहेत काय, एवढें पाहून लिहिलें तरच उत्तराचा मार्ग मोकळा होतो.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. पुष्कळ शेतकरी आपण स्वतः काय काय केलें तें दडवितात. ज्यादा खत टाकलें, चार औषधें एकत्र करून मारलीं, दुकानदारानें दिलेली बाटली नांव न वाचतां ओतली, हें सांगण्याची लाज वाटते. कपाशीचें एक प्रकरण दरवर्षीं कोठें ना कोठें घडतें. कपाशीचीं पानें एकाएकीं अरुंद, लांबट, भेंडीच्या पानासारखीं होऊं लागतात, शिरा जवळजवळ येतात. शेतकरी घाबरून विषाणूवरील औषध विचारतो. वस्तुतः हा रोगच नव्हे. उंसांत किंवा ज्वारींत टू-फोर-डी हें तणनाशक ज्या पंपानें मारलें, तोच पंप नीट न धुतां कपाशीस वापरला, अथवा शेजारच्या शेतांत तें मारतांना वाऱ्यानें तुषार इकडे आले. कपाशीस या औषधाचा अगदीं अल्प अंशही बाधतो. पंपाची हकिगत पत्रांत असती तर एका ओळींत उलगडा झाला असता: कांहीं फवारूं नका, पंप निराळा ठेवा, इजा थोडी असल्यास नवीन फूट चांगली येईल. ती ओळ गाळल्यामुळें दोन-तीन निरुपयोगी औषधांचा खर्च अंगावर पडतो. वैद्यापुढें पथ्य मोडल्याची गोष्ट लपविणाऱ्या रोग्यासारखीच ही स्थिति आहे.

औषधाचें नांव लिहितांना बाजारांतील छापाचें नांव पुरेसें नाहीं. एकच औषध निरनिराळ्या कंपन्या निरनिराळ्या नांवांनीं विकतात. डब्याच्या चिठ्ठीवर आंतील द्रव्याचें शास्त्रीय नांव व त्याचें शेंकडा प्रमाण छापलेलें असतें, तें पाहून उतरून घ्यावें. प्रमाणही "एक झांकण" असें न लिहितां पंधरा लिटरच्या पंपास किती मिलिलिटर व एकरीं किती पंप, असें लिहावें. झांकणें लहानमोठीं असतात. साहेबाला तुमचें झांकण दिसत नाहीं.

हा नुसता टापटिपीचा प्रश्न नव्हे. सन २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर प्राणांस मुकले; त्या दिवसांची आठवण विदर्भांत अजून ताजी आहे. अशा प्रसंगीं दवाखान्यांत डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो तो "कोणतें औषध होतें?" हाच. सेंद्रिय फॉस्फरस वर्गांतील विषावर ॲट्रोपिन देतात. पॅराक्वाट या तणनाशकावर खात्रीचा उतारा नाहीं. इतर विषांची तऱ्हा आणखी निराळी. बाटली किंवा निदान तिची चिठ्ठी रोग्याबरोबर नेली तर उत्तर एका क्षणांत मिळतें. "कसलेंसें कीड मारण्याचें होतें" या उत्तरानें डॉक्टरांचा अमोल वेळ तर्क करण्यांत जातो. चिठ्ठीवरील त्रिकोणाचा रंगही घरांतील सर्वांस ठाऊक असावा: तांबडा अत्यंत विषारी, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, आणि शेवटीं हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक असा कित्येकांचा समज आहे, तो चुकीचा आहे.

कित्येक पृच्छा अशा असतात कीं त्यांत माहिती भरपूर, पण प्रश्नच भलता. कृष्णाकांठच्या उंसाच्या पट्ट्यांतून वरचेवर येणारा प्रश्न म्हणजे "एकरीं जिप्सम किती पोतीं टाकूं?" शेतकऱ्यास खरोखर हवें काय, तर बिघडलेली जमीन सुधारणें. मग तोच प्रश्न विचारावा. कारण बिघडलेल्या जमिनींत दोन जाती आहेत. चोपण जमिनींत सोडियमचा जोर असतो, सामू साडेआठाच्या वर जातो. तेथें जिप्समांतील चुन्याचा अंश सोडियमला हुसकावून लावतो व मग पाण्यानें तो धुऊन काढतां येतो. खारवट जमिनींत मात्र विरघळणारे क्षार सांठलेले असतात. तेथें चर व निचरा करून गोड्या पाण्यानें क्षार धुवून काढणें हाच उपाय, जिप्समचा उपयोग नाहीं. निचऱ्यावांचून तर दोन्ही ठिकाणीं खर्च व्यर्थ. पोत्यांचा आंकडा विचारणाऱ्यास पोत्यांचा आंकडा मिळतो, जमीन मिळत नाहीं.

माती तपासणें हीही एक पृच्छाच आहे. फरक इतकाच कीं ती शब्दांऐवजीं पिशवींत घालून पाठवावयाची. केंद्र सरकारनें फेब्रुवारी २०१५ मध्यें मृदा आरोग्य पत्रिकेची योजना सुरू केली तेव्हांपासून मातीचे नमुने पुष्कळ जाऊं लागले. परंतु बांधावरची, झाडाखालची, उकिरड्याजवळची, किंवा नुकतें खत टाकलेल्या जागेची ओंजळभर माती नेऊन दिली तर प्रयोगशाळा त्या ओंजळीचेंच उत्तर देणार. शेतांत नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणीं इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्यावा, हंगामी पिकासाठीं पंधरा ते वीस सेंटीमीटर खोल, त्याच्या बाजूची पातळ चकती काढावी, सगळी माती घमेल्यांत मिसळून चार भाग करावे, समोरासमोरचे दोन भाग टाकावे, पुन्हां मिसळावे, असें अर्धा किलो उरेपर्यंत करावें. हलकी व भारी जमीन एकाच गटांत असली तरी नमुने दोन. खताचें रिकामें पोतें पिशवी म्हणून वापरूं नये. चिठ्ठीवर गट नंबर, मागील पीक, पुढें घ्यावयाचें पीक व पाण्याची सोय लिहावी. हें शेवटचें कलम बहुतेक लोक गाळतात, आणि मग अहवालांतील शिफारस आपल्या पिकास लागू नाहीं अशी तक्रार करतात.

प्रश्न कोणाकडे न्यावा यालाही तारतम्य हवें. द्राक्षासाठीं पुण्याजवळ मांजरी येथील केंद्र, डाळिंबास सोलापूर, संत्रा-मोसंबीस नागपूर, कांद्यास राजगुरुनगर, उंसास सन १९३२ पासून चालत असलेलें पाडेगांव, हीं ठिकाणें त्या त्या पिकाचा ध्यास घेतलेलीं आहेत. साध्या प्रश्नास जिल्ह्याचें कृषि विज्ञान केंद्र पुरेसें आहे. घाईचा असेल तर किसान कॉल सेंटर आहे. तें २००४ सालच्या जानेवारींत सुरू झालें, आणि १८००-१८०-१५५१ या नंबरावर मराठींतून विनामूल्य बोलतां येतें. फोन करण्यापूर्वीं पेरणीची तारीख, वाण व क्षेत्र एका कागदावर लिहून जवळ ठेवावें. नाहींतर "थांबा, मुलाला विचारून सांगतों" यांतच वेळ जातो. आणि जें छापील मिळतें तें विचारूं नये. कोणत्या पिकास एकरीं किती बियाणें, दोन ओळींत किती अंतर, हें राहुरीच्या कृषिदर्शनींत व अकोल्याच्या कृषिसंवादिनींत दरसाल असतें. तें पाहून मग आपल्या जमिनीस लागू पडत नाहीं तेवढेंच विचारावें. "कोणतें बियाणें चांगलें?" आणि "यंदा तुरीला भाव काय राहील?" या दोन प्रश्नांचीं उत्तरें आमच्याकडे मागणारांस एवढेंच सांगणें आहे कीं पहिल्यास जमीन व पाणी कळल्यावांचून उत्तर नाहीं, आणि दुसऱ्याचें उत्तर ज्यास ठाऊक आहे तो तें कोणास सांगणार नाहीं.

तज्ज्ञानें उलट प्रश्न केला म्हणजे कित्येकांस राग येतो. "आम्हीं विचारलें, तर हे आमचीच उलटतपासणी घेतात!" असें एका वृद्ध बागाईतदारांनीं आम्हांस सुनावलें होतें. यांत रागावण्याजोगें कांहीं नाहीं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपल डॉ. हॅरोल्ड मॅन यांनीं पिंपळे सौदागर गांवची पाहणी करून १९१७ सालीं ती प्रसिद्ध केली, तेव्हां जमिनीचे तुकडे, पिकें, कर्ज, सर्व खोदून खोदून विचारलें होतें; म्हणूनच ती पाहणी आजही अभ्यासक उघडतात. मात्र उत्तर देणारांचीही एक चूक आम्हांस सांगितली पाहिजे. कांहीं विद्वान मंडळी अपुऱ्या पत्रास उत्तर म्हणून नुसतें "माहिती अपूर्ण" एवढेंच लिहितात. काय अपूर्ण, हें सांगितल्याशिवाय शेतकऱ्यानें तें पूर्ण कसें करावें? कचेरींतही असा शेरा मारणारे अवल कारकून आम्हीं पाहिले आहेत. त्यांच्या टेबलावर गठ्ठा कधीं कमी झाला नाहीं.

एकच प्रश्न एकाच दिवशीं पांच ठिकाणीं विचारण्याची रीत सोडावी. विचारावयाचाच असेल तर प्रत्येकास स्पष्ट कळवावें कीं अमक्यांनीं अमुक सांगितलें आहे, त्यावर आपलें मत काय. पांच जणांचीं पांच औषधें एका टाकींत पडतात तीं याच आडपडद्यामुळें. वेळेचाही विचार असावा. कीड पहिल्या पानावर दिसली त्या दिवशीं विचारलेल्या प्रश्नास पुष्कळ उत्तरें असतात. पाऊण शेत खाल्ल्यावर रात्रीं दहा वाजतां "ताबडतोब" म्हणून विचारलेल्या प्रश्नास फार थोडीं.

सल्ला मिळाला, उपाय केला, पीक सुधारलें किंवा न सुधारलें, कीं पृच्छक एकदम गप्प होतात. आभाराचा प्रश्न बाजूला ठेवूं. लोहाची फवारणी केली आणि सात दिवसांनीं नवीं पानें हिरवीं आलीं, किंवा आलींच नाहींत, हें कळविलें तर त्याच तालुक्यांतील पुढच्या दहा पत्रांस उत्तर देतांना तज्ज्ञाच्या हातीं शेतावरचा पुरावा असतो. या मासिकांत पृच्छा व उत्तर छापतों त्याखालीं "पुढील हकिगत" म्हणून चार ओळींची जागा राखून ठेवावी असें आम्हीं संपादकांस सुचविलें आहे, व त्यांनीं तें मान्य केलें आहे.

नमुने पाठविणारांस शेवटची सूचना. रोगट पान एकटें पाठवूं नये; सबंध झाड मुळांसकट उपटावें, माती हलक्या हातानें झटकावी, आणि त्याच शेतांतील एक निरोगी झाड जोडीला द्यावें. ओलें झाड प्लॅस्टिकच्या पिशवींत कोंबल्यास वाटेंत कुजतें व येथें उघडल्यावर मूळ रोग ओळखूं येत नाहीं. म्हणून वर्तमानपत्राच्या कोरड्या कागदांत गुंडाळावें. दोन्ही झाडांस निरनिराळी चिठ्ठी बांधावी, चिठ्ठी शिसपेन्सिलीनें लिहावी, कारण शाई ओलाव्यानें पसरते. आणि पार्सल सोमवारीं टाकावें. शनिवारीं टाकलेलें रविवारभर पोस्टांत पडून राहतें.